रेडिओला एकच केंद्र कसं ऐकू येतं?

१. एक तार आणि अनेक केंद्रं

रेडिओची गोष्ट निघाली की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. हवेत एवढी केंद्रं एकाच वेळी बोलत असतात, मग आपल्या रेडिओला त्यांतलं नेमकं एकच कसं ऐकू येतं? प्रश्न साधा वाटतो, पण जगातल्या उत्तमोत्तम संशोधकांनी त्याच्या उत्तरासाठी जवळजवळ तीस वर्षं घालवली आहेत. त्यासाठी पेटंटांचे खटले झाले, भर सभेत फजिती झाली, आणि शेवटचा महत्त्वाचा निकाल लागेपर्यंत मूळ संशोधकांपैकी बरेच जण हयातही नव्हते.

प्रश्न नीट समजण्यासाठी एक गाव डोळ्यांसमोर आणू. तंजावूर आणि कुंभकोणमच्या परिसरात वेट्टारू नदीच्या काठी तिरुक्करुगावूर आहे. गर्भरक्षांबिका देवीच्या देवळासाठी ते प्रसिद्ध आहे. व्यंकोजीराजांपासूनच्या भोसले राजवटीमुळे या भागात मराठी घरंही रुजली. त्रिचीचं आकाशवाणी केंद्र १६ मे १९३९ रोजी सुरू झालं. मद्रासचं केंद्र त्याआधी वर्षभर, १६ जून १९३८ ला, सुरू झालेलं होतं, आणि समुद्रापलीकडे कोलंबोचं केंद्र तर १९२५ पासून बोलत होतं. समजा, १९३९ साली तिरुक्करुगावूरच्या एखाद्या घरावर कुणी एरियलची तार ताणली. या तारेत काय घडेल?

त्रिचीची लहर तारेला भेटली की तारेत सूक्ष्म वीज मागेपुढे होऊ लागते. मद्रासची लहर आली की तिचीही होते. रात्री कोलंबोची, आणखी लांबच्या केंद्रांची, आणि ढगांत चमकणाऱ्या विजेचीसुद्धा. तार त्यांतली कुठलीच नाकारत नाही. सगळ्यांची बेरीज होऊन एकच गोंधळलेला प्रवाह खाली उतरतो. म्हणजे निवड एरियल करत नाही, ती खाली रेडिओच्या पेटीत होते. पेटीत असं काय आहे, जे या बेरजेतून एकच आकडा वेगळा काढतं?

२. तरफेची तार

तंजावूरची वीणा नावाजलेली असली तरी इथे आपल्याला मिरजेची सतार जास्त उपयोगी पडेल, कारण वीणेला तरफा नसतात आणि सतारीला असतात.

सतारीच्या पडद्यांच्या खालून तरफेच्या बारीक तारा जातात. वाजवणारा त्या रागातल्या स्वरांत लावून ठेवतो आणि बाज वाजवताना त्यांना बहुधा हात लावत नाही. तरीही वरच्या तारेवर गंधार वाजला की खालची गंधाराची तरफ आपोआप गुणगुणू लागते. पंचमाची तरफ त्या वेळी गप्प असते. गंधाराची तरफ किंचित उतरलेली असेल, तर तीही बोलत नाही.

वरच्या तारेच्या प्रत्येक कंपनाबरोबर घोडीमार्फत खालच्या सगळ्याच तारांना इवलासा धक्का बसतो. एका धक्क्यानं कुठलीच तार ऐकू येण्याइतकी हलत नाही. पण जिच्या कंपनाची चाल धक्क्यांच्या चालीशी जुळते, तिला प्रत्येक धक्का योग्य क्षणी बसतो आणि हालचाल साठत जाते. बाकीच्या तारांना पहिले काही धक्के साथ देतात, पुढचे विरोध करतात, आणि जमाखर्च शून्यावर येतो. याला अनुनाद म्हणतात.

आता तरफेवर कापसाचा बोळा टेकवून पाहा. तिचं कंपन चटकन विरतं. आणखी एक गोष्ट होते, जी सहसा लक्षात येत नाही: अशी तार चोखंदळही राहत नाही. जवळपासचा कुठलाही स्वर लागला तरी ती थोडीथोडी हलते. जी तार पुष्कळ वेळ झंकारत राहते, तीच बारीक फरक ओळखते. हे एक वाक्य ध्यानात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

३. कॉइल, कंडेन्सर आणि थोडं गणित

विजेला असं झंकारायला लावण्यासाठी दोन वस्तू पुरतात. एक कंडेन्सर, म्हणजे एकमेकींना न चिकटणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या, ज्यांवर विद्युतभार साठतो. दुसरी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. कॉइलचा स्वभाव असा की तिच्यातला प्रवाह सहजासहजी सुरू होत नाही आणि एकदा सुरू झाला की सहजासहजी थांबतही नाही.

भरलेला कंडेन्सर कॉइलला जोडला की भार कॉइलमधून वाहू लागतो. कंडेन्सर रिकामा झाल्यावर प्रवाह थांबायला हवा, पण कॉइल त्याला थांबू देत नाही. तो तसाच पुढे जातो आणि कंडेन्सर उलट्या बाजूनं भरतो. मग परत उलटा प्रवास. असं मागेपुढे सेकंदाला किती वेळा व्हायचं हे कॉइल आणि कंडेन्सर यांच्या मापांवर ठरतं. त्या संख्येला वारंवारता म्हणतात. सेकंदाला एक हजार फेऱ्या म्हणजे एक किलोहर्ट्झ. कॉइल-कंडेन्सरच्या या जोडीला जुळवलेलं सर्किट म्हणू.

नियम सोपा आहे. कॉइल तीच ठेवून कंडेन्सरची क्षमता चौपट केली, तर वारंवारता निम्मी होते. क्षमता दुप्पट केली, तर वारंवारता सुमारे १.४ नं भागली जाते. हे आपल्याच केंद्रांवर करून पाहू. मध्यम लहरींवर पुणे केंद्राचा आकडा ७९२ किलोहर्ट्झ आणि मुंबईच्या अस्मितावाहिनीचा ५५८. भागाकार येतो १.४२. म्हणजे पुण्याहून मुंबईकडे काटा नेताना तुम्ही कंडेन्सरची क्षमता जवळजवळ बरोबर दुप्पट करता. रेडिओत नेहमी असते तशी २०० मायक्रोहेन्रीची कॉइल धरली, तर पुण्यासाठी सुमारे २०२ पिकोफॅरड लागतात आणि मुंबईसाठी सुमारे ४०७. (मायक्रोहेन्री हे कॉइलचं माप आणि पिकोफॅरड हे कंडेन्सरचं, एवढं कळलं तरी पुरे.) तिरुक्करुगावूरला त्रिची ९३६ किलोहर्ट्झवर लावायचं तर त्याच कॉइलला १४५ पिकोफॅरड पुरतील.

जुन्या रेडिओचं झाकण उघडलं की अर्धगोल पत्र्यांचा एक जुडगा दिसतो. दुरुस्ती करणारे त्याला गँग म्हणतात. बटण फिरवलं की फिरते पत्रे स्थिर पत्र्यांमध्ये कमीजास्त शिरतात आणि क्षमता बदलते. केंद्र लावणं म्हणजे एवढंच.

४. ठिणगीत काय कमी होतं?

हाइनरिश हर्ट्झनं १८८७-८८ मध्ये जर्मनीत विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करून दाखवल्या, त्या ठिणगीनं. दोन गोळ्यांमध्ये ठिणगी उडाली की जोडलेल्या धातूच्या सळ्यांत वीज मागेपुढे होते आणि लहर निघते. पुढची वीस-पंचवीस वर्षं बिनतारी संदेशांचं मुख्य साधन ठिणगीच होती. तिचा दोष असा की लहर जन्मतःच विरायला लागते. एरियल थेट ठिणगीला जोडलेलं असेल, तर ते आपली सारी शक्ती चार-दोन हेलकाव्यांत हवेत फेकून मोकळं होतं. मग पुढच्या ठिणगीपर्यंत सामसूम.

हे निवडीच्या मुळावर येतं. का, ते आकड्यांनी पाहू. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं १९२७ मध्ये मुंबईचं केंद्र ३५७.१ मीटर लहरीवर आणि कोलकात्याचं ३७०.४ मीटर लहरीवर सुरू केलं. लहरीचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला लांबीनं भागलं की मुंबईचे येतात ८४० किलोहर्ट्झ आणि कोलकात्याचे ८१०. आता कोलकात्यावर लावलेल्या सर्किटला मुंबईची लहर धक्के देते आहे असं समजा. मुंबईची लहर १४ फेऱ्या पूर्ण करते तेव्हा सर्किटच्या स्वतःच्या साडेतेराच होतात. अर्ध्या फेरीचं अंतर पडलं, म्हणजे इथून पुढचा धक्का उलटा बसणार. चौदाव्या धक्क्याच्या आसपास सर्किटला पहिल्यांदा स्पष्ट कळतं की हा आपला माणूस नव्हे.

म्हणून जी लहर तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्यालाच विरते, ती मुंबईची की कोलकात्याची हे कुठलंही सर्किट सांगू शकणार नाही. तिच्यात तेवढी माहितीच नसते. अशी लहर तरफेवर कुणी टिचकी मारावी तशी सगळ्यांनाच हलवते. घेणारं सर्किट कितीही उत्तम बनवा, पाठवणारी लहर टिकाऊ नसेल तर निवड होत नाही. हे ध्यानात यायला बिनतारीच्या मंडळींना काही वर्षं लागली, आणि या विषयातलं सर्वांत मोलाचं ज्ञान मला हेच वाटतं.

५. लॉजच्या दोन बरण्या

ऑलिव्हर लॉज हे लिव्हरपूलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८९ च्या सुमारास त्यांनी एक देखणा प्रयोग केला. त्या काळचा कंडेन्सर म्हणजे लेडन बरणी: काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली. लॉजनी दोन सारख्या बरण्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर ठेवल्या. पहिलीला तारेचं कडं आणि ठिणगीची फट जोडली. दुसरीला तसंच कडं, पण त्यावर सरकणारी आडवी दांडी, म्हणजे कड्याची लांबी कमीजास्त करता येईल. पहिलीत ठिणगी उडत राहायची. दुसरीची दांडी एका विशिष्ट जागी आली की तिच्या काठावरूनही ठिणग्या ओसंडू लागायच्या. दांडी जराशी सरकवली की बंद. मधे तार नाही, काही नाही.

विल्यम क्रूक्स या रसायनशास्त्रज्ञानं १८९२ मध्ये एका लेखात पुढचं चित्र रंगवलं. दोन मित्रांनी आपापली यंत्रं एकाच तरंगलांबीवर जुळवायची आणि दूरदूरून एकमेकांशी बोलायचं, बाकीच्यांच्या यंत्रांना ते लागायचंच नाही. बिनतारी तारायंत्राशी ज्याचं नाव पुढे जोडलं गेलं, तो गुलिएल्मो मार्कोनी तेव्हा अठराचाही झाला नव्हता.

लॉजनी १० मे १८९७ रोजी जुळवलेल्या बिनतारी तारायंत्राचं पेटंट मागितलं. एरियलमध्येच त्यांनी कॉइल घातली आणि तिचं माप बदलून पाठवणारं आणि घेणारं यंत्र एका वारंवारतेवर आणायची सोय केली. अलेक्झांडर म्युरहेड यांच्याबरोबर त्यांनी जी पद्धत विकसित केली, तिचा उपयोग आपल्याकडेही झाला. १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारच्या तारखात्यानं अंदमानचं पोर्ट ब्लेअर आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळचं डायमंड बेट यांच्या दरम्यान बिनतारी संपर्क जोडला, तो लॉज-म्युरहेड पद्धतीचा होता.

पण लॉजसमोर एक पेच होता. बरणी आणि कड्याचं बंद सर्किट छान झंकारत राहतं, मात्र बाहेर फारसं काही सोडत नाही. ताणलेलं एरियल भरपूर सोडतं आणि म्हणूनच लगेच रिकामं होतं. टिकाऊपणा हवा की पोच हवी?

६. चार सर्किटं

उत्तर असं की दोन्ही घ्या, दोन वेगळ्या सर्किटांत. जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी १८९८-९९ मध्ये ठिणगी एरियलमधून काढून लेडन बरण्यांच्या बंद सर्किटात ठेवली आणि त्या सर्किटाची कॉइल एरियलच्या कॉइलशेजारी आणून शक्ती हळूहळू पलीकडे दिली. बंद सर्किट हे कोठार झालं, एरियल हे फक्त दार. लहर जास्त वेळ टिकू लागली आणि जोरही वाढला.

गुलिएल्मो मार्कोनीनं यापुढचं पाऊल टाकलं. २६ एप्रिल १९०० रोजी अर्ज केलेलं त्याचं ब्रिटिश पेटंट ७७७७ या क्रमांकामुळे फार गाजलं. पाठवणाऱ्या बाजूला दोन सर्किटं, घेणाऱ्या बाजूला दोन, आणि चारही एकाच वारंवारतेवर जुळवलेली. त्या वर्षी आइल ऑफ वाइट बेटावरच्या सेंट कॅथरिन्स इथून दोघांनी एकाच वेळी दोन संदेश पाठवले, एक इंग्रजीत, एक फ्रेंचमध्ये. तीस मैलांवर, पूल गावाजवळ, दोन यंत्रांनी ते वेगवेगळे उतरवून घेतले. या प्रयोगाची हकिगत मार्कोनीचे सल्लागार जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी लंडनच्या 'टाइम्स'ला कळवली.

गंमत अशी की १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीनं न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडचे संकेत ऐकले, ते जुळवलेल्या यंत्रावर नव्हे. त्याचं एरियल पतंगाला टांगलेलं होतं. वाऱ्यानं पतंग वरखाली झाला की एरियलची क्षमता बदलायची आणि जुळणी मोडायची. शेवटी त्यानं जुळवलेलं यंत्र बाजूला ठेवून लोखंड आणि पाऱ्याच्या साध्या, न जुळवलेल्या ग्राहकावर, म्हणजे लहर टिपणाऱ्या यंत्रावर, काम भागवलं. तशा प्रकारच्या लोखंड-पारा ग्राहकाचं वर्णन जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच प्रसिद्ध केलेलं होतं.

श्रेय कुणाचं? १९११ मध्ये लंडनच्या न्यायालयानं लॉज यांच्या पेटंटची मुदत सात वर्षांनी वाढवली, आणि त्यानंतर मार्कोनी कंपनीनं ते विकत घेतलं. अमेरिकेत हा वाद २१ जून १९४३ पर्यंत चालला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मार्कोनीच्या चार सर्किटांच्या अमेरिकी पेटंटमधले मुख्य दावे रद्द ठरवले, कारण लॉज, निकोला टेस्ला आणि जॉन स्टोन स्टोन यांचं काम त्याआधीचं होतं. मार्कोनी १९३७ मध्ये वारला होता, आणि टेस्ला निकालाच्या पाच महिने आधी. 'मार्कोनीनं रेडिओ शोधलाच नाही असं कोर्टानं ठरवलं' असं पुष्कळदा लिहिलं जातं, ते बरोबर नाही. वाद जुळवणीच्या पेटंटपुरता होता. कल्पना अनेकांची होती. ती सागरी जहाजांवर रोज चालेल इतकी भरवशाची करणं हे मात्र मार्कोनीच्या माणसांचं काम, आणि मी त्याला कमी लेखणार नाही.

७. भर सभेत घुसलेला संदेश

जुळवणीनं गुप्तता मिळते असा दावा मार्कोनी उघडपणे करत असे. त्याच्याशी जुळवून न घेतलेल्या यंत्राला त्याचे संदेश चोरता येणार नाहीत, असं तो म्हणे. नेव्हिल मॅस्कलिन नावाच्या एका जादूगाराला हे पटत नव्हतं. तो जादूगारांच्या घराण्यातला होता, आणि बिनतारी यंत्रांचा चांगला जाणकारही. समुद्राखालच्या तारा चालवणाऱ्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीला मार्कोनीची धास्ती होतीच. तिनं मॅस्कलिनला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मोठं एरियल उभारायला लावलं, आणि मार्कोनीच्या पोल्डू केंद्राचे जहाजांसाठीचे संदेश त्यानं सहज उतरवून घेतले. १९०२ मध्ये त्यानं ते छापूनच टाकले.

पुढच्या वर्षी, ४ जून १९०३ रोजी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग यांचं व्याख्यान होतं. मार्कोनी पोल्डूहून संदेश पाठवणार, आणि तो श्रोत्यांसमोर उतरणार. नियोजित वेळेच्या थोडं आधी यंत्र टकटकू लागलं. सहायकानं मोर्सची अक्षरं लावली तर 'रॅट्स' हाच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. त्यामागून मार्कोनीची टवाळी करणारी कविता. मॅस्कलिननं जवळच्याच एका नाट्यगृहातून ठिणगीयंत्र चालवलं होतं. संतापलेल्या फ्लेमिंगनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून गुन्हेगार कोण ते विचारलं. मॅस्कलिननं चारच दिवसांत स्वतःचं नाव देऊन उत्तर दिलं. त्याचं म्हणणं होतं की जनतेला सांगितलेला दावा खरा की खोटा हे जनतेसमोरच तपासायला हवं.

त्याच्या ठिणगीयंत्राची लहर आखूड आणि पसरट होती. ती जवळून आणि जोरात आली की सर्किटाला चालीची पर्वा न करता हलवत होती. चौथ्या भागातली टिचकीच ही.

असाच प्रकार १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या अमेरिका चषक नौकाशर्यतीत झाला होता. वार्तांकनासाठी एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांनी एकाच वेळी आपापली ठिणगीयंत्रं चालवली, आणि किनाऱ्यावर कुणालाच धड काही उतरवता आलं नाही.

८. टेस्लाची दुहेरी अट

निकोला टेस्लाचा विचार वेगळ्या दिशेनं चालला होता. १८९८ मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव दूरवरून बिनतारी चालवून दाखवली. अशा नावेला भलत्याच कुणाचा संकेत लागला तर? १९०० मध्ये त्यानं दोन पेटंटांसाठी अर्ज केला, ती १९०३ मध्ये मिळाली. कल्पना अशी: पाठवणाऱ्यानं दोन वेगळ्या वारंवारतांच्या लहरी सोडायच्या. घेणाऱ्याकडे दोन सर्किटं, एकेकीसाठी एक. दोन्ही एकदम झंकारली तरच पुढचा खटका पडेल. एकच हलली तर काहीही होणार नाही.

याचा फायदा साध्या हिशोबानं कळतो. समजा शंभर वेगवेगळ्या वारंवारता ओळखता येतात. एखादा भलता संकेत तुमच्या एका वारंवारतेवर पडण्याची शक्यता शंभरात एक. दोन भलते संकेत एकाच वेळी तुमच्या दोन्हींवर पडण्याची शक्यता दहा हजारांत एकाच्या आसपास. म्हणजे चोखंदळपणा वाढवायला सर्किट शंभरपट चांगलं करण्याची गरज नाही, साधं सर्किट दुसऱ्या साध्या सर्किटाशी अटीनं बांधलं तरी पुरतं. मला या साऱ्या इतिहासात ही कल्पना सर्वांत सुंदर वाटते. फोनवर ५ चं बटण दाबल्यावर जो आवाज येतो तो असाच ७७० आणि १३३६ हर्ट्झ या दोन सुरांचा असतो, म्हणून बोलण्यातला एखादा चढा सूर यंत्राला बटण वाटत नाही.

९. टिकणारी लहर

यानंतरची प्रगती थोडक्यात सांगतो. १९०६ च्या बर्लिन परिषदेनं जहाजांच्या सार्वजनिक संदेशांसाठी ३०० आणि ६०० मीटर अशा लहरी ठरवल्या, कारण जुळवणी कितीही चांगली असली तरी कुणी कुठे बोलायचं याचा करार लागतोच. मार्कोनी कंपनीच्या चार्ल्स फ्रँकलिन यांनी १९०७ मध्ये तीन जुळवलेली सर्किटं एकामागून एक लावलेला ग्राहक बनवला. एक सर्किट परक्या लहरीचा दहावा हिस्सा आत येऊ देत असेल, तर तीन मिळून हजारावा हिस्साच येऊ देतात. 'टायटॅनिक' जहाजावर हेच यंत्र होतं.

खरा बदल झाला तो ठिणगी गेली तेव्हा. पोल्सेनचा विद्युतकमान प्रक्षेपक, मोठी प्रत्यावर्ती जनित्रं आणि शेवटी व्हॉल्व्ह, यांनी न विरणारी, अखंड लहर दिली. हव्या तेवढ्या फेऱ्या उपलब्ध झाल्या. आता चौदा काय, पन्नास फेऱ्यांनी कळणारा फरकही ओळखता येऊ लागला. भारतात आज मध्यम लहरींवरची शेजारची स्थानं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात. ९३६ आणि ९२७ यांच्यात अर्ध्या फेरीचं अंतर पडायला ५२ फेऱ्या लागतात. ठिणगीच्या जमान्यात हे अशक्यच होतं.

एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये आणखी एक तोड काढली. प्रत्येक केंद्रासाठी सगळी सर्किटं हलवण्यापेक्षा केंद्राची वारंवारताच बदलून एका ठरावीक आकड्यावर आणायची. पुण्याच्या ७९२ साठी रेडिओ स्वतःच आत १२४७ किलोहर्ट्झ तयार करतो, वजाबाकी ४५५. मुंबईच्या ५५८ साठी १०१३, वजाबाकी पुन्हा ४५५. मग ४५५ वर कायमची जुळवलेली सर्किटं बसवता येतात. रेडिओतल्या छोट्या पत्र्याच्या डब्या, ज्यांच्या रंगीत स्क्रूला हात लावू नका असं दुरुस्तीवाले बजावतात, त्या याच.

१०. खडकी आणि दौंड

आपल्या मुलखात ही विद्या १९२७ साली दोन मोठ्या रूपांनी आली. २३ जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं प्रसारण केंद्र सुरू झालं. दीड किलोवॉटचं ते केंद्र वर सांगितलेल्या ३५७.१ मीटरवर बोलायचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्याजवळ त्याहून महत्त्वाकांक्षी काम सुरू झालं: इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीनं प्रक्षेपक उभारला खडकीला आणि ग्राहक दौंडला. इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात अशीच जोडी होती, ग्रिम्सबीला प्रक्षेपक आणि स्केग्नेसला ग्राहक.

या सेवेत फ्रँकलिन यांनी निवडीला दुसरा आधार दिला. शंभर मीटरहून बऱ्याच लहान लहरी वापरल्या, आणि तरंगलांबीच्या मापानं कापलेल्या उभ्या तारांची एक लांब रांग उभारून तिच्यामागे परावर्तक तारांची दुसरी रांग ठेवली. सगळ्या तारांतल्या लहरींची बेरीज एकाच दिशेला होते, बाकीच्या दिशांना त्या एकमेकींना खोडतात. म्हणजे आधी दिशेनं निवड, मग जुळवलेल्या सर्किटांनी. या सेवेला म्हणूनच बीम, म्हणजे झोत, म्हणत. १९३२ मध्ये ही कंपनी आणि समुद्री तारांची व्यवस्था एकत्र येऊन इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. १९४७ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस स्थापन केली, आणि १९८६ मध्ये तिचंच विदेश संचार निगम झालं.

पण इथे एक प्रश्न उरतो. जुळवणी इतकी चांगली झाली होती, तर प्रक्षेपक आणि ग्राहक एकाच आवारात का ठेवले नाहीत? रेल्वेनं मोजलं तर खडकी ते दौंड हे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर आहे.

कारण शक्तीचं गुणोत्तर. खडकीतून कित्येक किलोवॉट बाहेर पडत होते. इंग्लंडहून येणारी लहर एरियलला जे देते, ते एका वॉटच्या दशलक्षांशाहूनही पुष्कळ कमी. शेजारच्या प्रक्षेपकाचा दशलक्षावा भाग जरी सर्किटांतून निसटून आत आला, तरी तो इंग्लंडच्या संदेशापेक्षा मोठा ठरला असता. कुठलंही जुळवलेलं सर्किट परकी लहर पूर्ण बंद करत नाही, फक्त कमी करतं. किती कमी, हे त्याच्या झंकाराच्या टिकाऊपणावर आणि सर्किटांच्या संख्येवर ठरतं. १९२७ च्या सर्किटांना जे जमत नव्हतं, ते काम मधल्या ऐंशी किलोमीटर जमिनीकडून करून घेतलं गेलं.

मोबाइल फोनमध्ये हेच काम जमिनीऐवजी एक तुकडा करतो. जुन्या जीएसएम पद्धतीत फोन ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो आणि ९३५ ते ९६० मध्ये ऐकतो, एकाच एरियलवरून. आजच्या पुष्कळशा ४जी सेवांत तर बोलणं आणि ऐकणं अक्षरशः एकाच क्षणी चालतं. या दोघांना वेगळं ठेवणारी चाळणी काही मिलिमीटरची असते. तिच्यात कॉइल नसते. विजेनं थरथरणाऱ्या स्फटिकासारख्या पदार्थाच्या पातळ थरात ती लहर यांत्रिक कंपनात बदलते, कारण अशा थरातलं कंपन तांब्याच्या वेटोळ्यातल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या टिकतं.